कोपऱ्यावरच्यांचा बार

सुमनकाकूंचं डोकं आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर दिसलं की समजायचं, बातमी ताजी आहे.

"नंदा, ऐकलंस का? कोपऱ्यावरच्यांचा धाकटा हल्ली बारमध्ये असतो म्हणे. दूधवाला सांगत होता. रात्री नऊ-नऊ वाजता उगवतो घरी."

"काकू, तो बार असोसिएशनच्या निवडणुकीला उभा आहे. प्रचारात उशीर होतो."

"अगंबाई, वकील झाला होय तो!" काकूंचा चेहरा जरा पडला. बातमीचा फुसका बार निघाला की वाईट वाटतंच. पण हार मानतील त्या काकू कसल्या! "मग वकिलांनी तरी असलं नाव कशाला घ्यावं? लोक बोलणारच."

मी म्हटलं, बार म्हणजे मुळात आडवा दांडा. विलायतेतल्या कोर्टात न्यायाधीशांच्या बाजूला आणि इतरांच्या बाजूला वेगळं करणारा कठडा असायचा. त्या कठड्यापाशी उभं राहून बाजू मांडायचा हक्क मिळाला की माणूस बॅरिस्टर. आणि पिण्याच्या दुकानात गिऱ्हाईक आणि बाटल्या यांच्यामध्येही आडवं लाकूडच, म्हणून तोही बार.

"म्हणजे दोन्हीकडे आपण अलीकडे उभं राहायचं आणि पैसे पलीकडे द्यायचे," काकूंनी निकाल लावला.

काकू कोषागारातून निवृत्त झाल्यात. त्यांना अडवणारा बार ठाऊक नसेल असं कसं होईल? चौथ्या वेतन आयोगातली लिपिकाची श्रेणी त्या अजून एका दमात म्हणून दाखवतात: 950-20-1150-ई.बी.-25-1500. मधलं ते ई.बी. म्हणजे एफिशियन्सी बार. दरसाल वीस रुपये वाढत वाढत 1150 वर पोचलं की गाडी थांबायची. साहेबानं काम बरं असल्याचा शेरा दिला, तरच पुढची पंचविसाची वाढ. "आमच्यातल्या एकीचा बार साहेबानं वर्षभर अडकवला होता. का, ते भिंतीवरून सांगण्यासारखं नाही," असं म्हणून काकूंनी ते सांगितलंच. मी इथे लिहीत नाही. पाचव्या आयोगानंतर तो बार गेला.

मग आवाज खाली आला. "कोपऱ्यावरच्यांना तुझ्या सासऱ्यांनी हातउसने दिले होते ना गं? किती वर्षं झाली?"

"दोन तर होऊन गेली असतील."

"मग झोपलात काय? तीन वर्षं उलटली की टाइम-बार होतं. 1963 चा मुदतीचा कायदा आहे. पैसे बुडाले असं नाही, त्यांनी आपणहून दिले तर दिले, पण कोर्ट दाद घेत नाही. मुदत संपायच्या आत त्यांच्याकडून 'येणं मान्य आहे' असं लिहून सही घ्यायची, म्हणजे तीन वर्षं नव्यानं मोजतात. पोरगा वकील आहे त्यांचा, त्याला हे तोंडपाठ असणार. तो कशाला सांगेल तुम्हाला?"

हे मात्र माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सासऱ्यांच्या कानावर घालायला मी वळणार, तेवढ्यात आत कुकरची शिटी झाली.

"हा आणखी एक बार," मी म्हटलं. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, जित्याची खोड. शिटी होते तेव्हा आत बाहेरच्या हवेपेक्षा साधारण 1 बार जास्त दाब असतो, त्यामुळे पाणी 120 अंशांच्या आसपास उकळतं आणि डाळ लवकर शिजते. उलट महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटर उंच. तिथे हवेचाच दाब 1 बारपेक्षा बराच कमी, त्यामुळे उघड्या पातेल्यातलं पाणी 96 अंशांच्या आतच उकळतं आणि डाळ दाताखाली कचकचते.

"तरीच माझ्या नणंदेची आमटी!" काकूंना एका जुन्या भांडणाचा उलगडा झाला. "पण इथे दांडा कुठे आहे?"

नाहीच. हा बार त्या घराण्यातला नव्हे. तो ग्रीक 'बारोस'चा, म्हणजे वजन. बॅरोमीटर त्याचाच. आपला 'गुरू' त्याचा लांबचा भाऊबंद लागतो, कारण गुरू म्हणजेही जड. वर्गात हे सांगितलं की मुलं माझ्याकडे बघून हसतात, ते सोडा.

"आणि आपला बार? लग्नाचा उडवतात तो?" तो तर बंदुकीत ठासायचा, फारसीतून आलेला. तिथे बार म्हणजे ओझं, आपल्या 'भार'चा सख्खा. काकू खंडाळा तालुक्यातल्या, त्यामुळे त्यांना लगेच बोरीचा बार आठवला. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात. "वर्षाचं सगळं एकदाच बाहेर. तुमच्या कॉलनीत ही सोय नाही, म्हणून मला रोज भिंतीशी यावं लागतं."

आमच्या वरच्या मजल्याचं काम चालू आहे. दुपारी सळईची गाडी यायची होती. मुकादम सकाळीच "बार आले की कॉलम बांधतो" म्हणून गेला होता. ते ऐकून काकूंनी पदर खोचला. त्यांचे यजमान बांधकाम खात्यात होते.

"मोजून घेऊ नकोस, तोलून घे. जाडी मिलिमीटरमध्ये धर, तिचा वर्ग कर, 162 नं भाग. एका मीटरचं वजन किलोत येतं. बारा एमएमचा बार असेल तर 144 भागिले 162, म्हणजे एकोणनव्वदशे... छे, पॉइंट आठ नऊ किलो. बारा मीटरचा नग दहा किलो सहाशे-सातशे ग्रॅम भरायला हवा."

दुपारी दहा नग काट्यावर घातले, पाच किलो कमी भरले. गाडी परत पाठवली. घर बांधत असाल तर हा 162 चा आकडा भिंतीवर लिहून ठेवा, आणि काट्याची पावती पाहिल्याशिवाय सळई उतरवून घेऊ नका.