बेबाक गुरुजी

बीड जिल्ह्यातल्या 11 तालुक्यांपैकी कुठेही जा, पलंगाखालच्या लोखंडी पेटीत पावत्या जपणारा एक निवृत्त गुरुजी भेटतोच. घरपट्टी, नळपट्टी, वीजबिल, सोसायटीच्या पीककर्जाचा शेवटचा हप्ता, सगळं वर्षवार सुतळीत ओवलेलं. तळाशी वडिलांनी भरलेल्या शेतसाऱ्याच्या पावत्या : साल फसली, रक्कम हाली सिक्क्यात, अक्षर उर्दू. घरात कुणालाच त्या वाचता येत नाहीत. “म्हणूनच जपायच्या,” गुरुजी म्हणतात. “न कळणारा कागद कधी अंगलट येईल, सांगता येत नाही.” 17 सप्टेंबर 1948 ला निजामाची राजवट संपली, गुरुजींच्या पेटीतून तिला अजून सुटका नाही.

पावतीवरची बेरीज तेवढी पाहून घडी घालणारे लोक वेगळे. गुरुजी शिक्षण कर, रोजगार हमी कर असं एकेका ओळीखाली बोट सरकवत वाचतात. वृक्षकरापाशी बोट थांबतं. गल्लीत लिंबाचं झाड एकच, तेही त्यांच्याच अंगणात. आपण स्वतःच्या झाडाचं भाडं भरतोय, असा त्यांना जुना संशय आहे. भरतात मात्र 31 मार्चच्या आत.

मग मुलगा पुण्यात फ्लॅट घेतो, इथलं घर विकायचं ठरतं आणि गुरुजींच्या साधनेला फळ यायची वेळ येते. घेणाऱ्याच्या बँकेचा वकील पीटीआरचा, म्हणजे मालमत्ता कर नोंदवहीचा, उतारा आणि घरपट्टीची बेबाकी मागतो. दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. गुरुजी शर्ट इस्त्रीला देतात.

तरी एक हुरहूर उरतेच. पूर्वी 5 लाखांवरचं घर विकायचं तर रजिस्ट्रीला आयकर खात्याचा दाखला लागायचा. 34-अ नमुना भरा, साहेबाची सही आणा. 2001 साली सरकारनं ते कलमच वगळलं. आता 50 लाखांपासून पुढं घेणाराच एक टक्का कापून भरतो. “विकणाऱ्याला काही कामच ठेवलं नाही,” ही त्यांची तक्रार. स्वतःचं घर 50 लाखांच्या आसपासही जात नाही, हे दुसरं दुःख. ते बोलून दाखवत नाहीत.

रिक्षात पेटी घालून स्वारी नगरपरिषदेत पोचते. कर विभागातला पोरगा मालमत्ता क्रमांक विचारतो, दोन बोटांनी टाइप करतो.

“मागची बाकी काहीच नाही, गुर्जी. देतो दाखला.”

“पावत्या बघा ना.”

“कामून? कॉम्प्युटर निरंक दाखवायलाय.”

“1987 ची तरी बघा. तेव्हा शास्ती लावली होती. मी अर्ज देऊन माफ करून घेतली.”

“तवा मी जन्मलो बी नव्हतो, गुर्जी.”

गुरुजींचा चेहरा पाहून पोराला कसंतरी होतं. एप्रिल लागलेला असतो. “चालू सालाची मागणी निघालीय, भरता का? घेणाऱ्यानं भरली तरी चालंल.”

“दप्तरी नाव माझं आहे तोवर पट्टी माझी!”

गुरुजी नोटा मोजून देतात, पावती दोनदा वाचतात आणि खिडकीतच सुतळी सोडून ती ओवायला बसतात. मागं रांग लांबत जाते. नोटीस हातात धरलेला, तीन वर्षांच्या पावत्या हरवलेला मागचा माणूस मान पुढं काढून पेटीत डोकावतो.

“गुर्जी, बघा की. माझ्या घराची एखादी असंल का यात?”