काळ्या पडद्याचे लाभ

लिनक्सवरील ग्राफिक्स ड्रायव्हर दुरुस्त करणे ही संगणक चालू आहे हे ठाऊक असताना तो दिसण्याची वाट पाहण्याची विद्या आहे. कर्नल नवे आले की एन्विडियाच्या ड्रायव्हरचे मॉड्यूल त्याच्यासाठी पुन्हा बांधावे लागते. ते बांधायचे राहिले तर पडदा काळा. बांधले, पण सिक्युअर बूट चालू असून मॉड्यूलवर मान्य सही नसेल, तरीही काळा. कोणत्याही कचेरीला हेवा वाटावा अशी ही शिस्त आहे.

पुढचा विषय सेशनचा, म्हणजे पडद्यावर खिडक्या मांडणाऱ्या व्यवस्थेचा. अशा दोन व्यवस्था, १९८७चे एक्स११ आणि २००८मध्ये सुरू झालेले वेलँड, एकाच यंत्रात नांदतात. पूर्णा जंक्शनला हे नवे नाही. तिथे मीटरगेज आणि ब्रॉडगेज शेजारी होते, अकोल्याचा प्रवासी बोचकी उचलून गाडी बदलत असे. एक्स११च्या जुन्या प्रोग्रॅमची बोचकी आता वेलँडमध्ये एक्सवेलँड हा हमाल वाहतो.

लॉगिनचे वर्तुळ हा सर्वात सौजन्यशील बिघाड: संगणक पासवर्ड बरोबर असल्याचे मान्य करतो आणि पुन्हा तोच विचारतो. होम फोल्डरमधील एक्सऑथॉरिटी फाइलची मालकी रूटकडे गेली किंवा डिस्क भरली, की हे घडते. उपायासाठी कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून मजकुरी कन्सोल उघडावा. तोही न उघडल्यास संगणक सुरू होतानाच्या ग्रब मेनूत कर्नलच्या ओळीला ‘नोमोडसेट’ जोडावे.

इतके ज्ञान देणारा पडदा एमएस-सीआयटीच्या अभ्यासक्रमात नसणे अन्यायाचे आहे. परीक्षा अंधाऱ्या पडद्यावरच घ्यावी. उत्तीर्णांना प्रमाणपत्र त्याच पडद्यावर तत्काळ दाखवले जाईल.