कॅप्टनची पेन्शन केस

अमरावतीत पत्ता सांगायचा तर टॉकीजशिवाय सांगता येत नाही. राजकमल चौक, श्याम चौक, सरोज चौक, प्रभात चौक, चित्रा चौक. पडद्यावर उजेड पडो न पडो, चौकावरचा हक्क टॉकीजचाच. सिनेमाच्या धंद्यात सीपी-बेरार नावाचा स्वतंत्र मुलूख आहे आणि त्याच्या वितरकांची हापिसं या गावात वर्षानुवर्षं होती. राज्यं बदलली, बेरार नकाशावरून गेला, पण सिनेमावाल्यांच्या वहीत तो अजून शाबूत आहे. अशा गावातल्या माणसाला सिनेमावर मत नसेल, तर त्याच्या रहिवासी दाखल्याची फेरतपासणी करावी.

हे ठाऊक असूनही मी मे महिन्यातल्या एका दुपारी घरच्या मंडळींना जॉन फोर्डचा ‘शी वोअर अ यलो रिबन’ दाखवायला बसवलं. 1949चा सिनेमा. अमेरिकन घोडदळातला एक म्हातारा कॅप्टन, नेथन ब्रिटल्स, आणि त्याच्या नोकरीचे शेवटचे दिवस. जाणकार मंडळी या सिनेमातल्या निसर्गाबद्दल बोलतात. मॉन्युमेंट व्हॅलीतले लाल सुळके, खरोखरीच्या वादळात टिपलेली वीज, विंटन हॉक या छायालेखकाला मिळालेलं ऑस्कर. मीही प्रस्तावनेत तेच बोललो. समोर गिला वडा होता, त्यामुळे कुणी अडवलं नाही.

कूलर सुरू होता. वऱ्हाडातल्या कूलरसमोर कुठल्याही भाषेतला संवाद टिकत नाही, त्यामुळे दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं. कॅप्टन पहिल्यांदा पडद्यावर आला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवरचा एक दिवस त्यानं खोडला. एवढ्यावर काकाजी सावरून बसले. काकाजी तहसील कचेरीतून निवृत्त झालेले.

“काऊन बे, रिटायर होऊन राह्यला का हा?”

“हो काकाजी. थोडेच दिवस उरलेत.”

“मंग पेन्शनचे कागद गेले का नाई? सहा महिने आधी जावा लागते.”

पुढचा सिनेमा आम्ही या एका प्रश्नाच्या उजेडात पाहिला. मागे कस्टरची पलटण लिटल बिगहॉर्नला कापली गेलेली, टोळ्या एकत्र येऊ लागलेल्या, साल 1876. काकाजींच्या दृष्टीनं ही सगळी किरकोळ प्रकरणं. जो माणूस महिनाअखेर घरी जाणार, त्याला असल्या मोहिमेवर पाठवणं हे वरिष्ठांचं नियोजन ढासळल्याचं लक्षण. “याच्या जागी येणाऱ्यानं चार्ज घेतला का?” ते अधूनमधून विचारत. “ना-देय प्रमाणपत्र कोण देईन याले? घोडा त सरकारी दिसते.”

आत्याबाईंना कॅप्टनच्या नोकरीशी देणंघेणं नव्हतं. केसांत पिवळी फीत बांधून फिरणारी पोरगी आणि तिच्यावर झुरणारे दोन लेफ्टनंट, हा त्यांचा सिनेमा. फीत कुणासाठी बांधली हे पोरगी सांगत नाही, आणि न सांगण्यावरच निम्मी कथा चालते. आत्याबाईंनी पहिल्या दहा मिनिटांत सोयरीक जुळवली आणि उरलेला वेळ पटकथेनं त्यांच्या निर्णयाची अंमलबजावणी करण्याची वाट पाहिली. कॅप्टन संध्याकाळी बायकोच्या कबरीवरच्या फुलांना पाणी घालतो, तिच्याशी दिवसभराचं बोलतो, त्या प्रसंगात मात्र त्या म्हणाल्या, “जिवंतपणी बोलला असन का एवढा?” काकाजींनी वड्यात लक्ष घातलं.

अकोल्याचे जवाई आले होते. ते मॉन्युमेंट व्हॅली पाहून मुळीच दिपले नाहीत. “हे ऊन? मे महिन्यात आमच्याकडं दुपारी बाराला या जी, मंग सांगतो.” अकोल्याचा माणूस उन्हाच्या बाबतीत कुणाचंही श्रेष्ठत्व मान्य करत नाही, तेव्हा हा मुद्दा मी पुढे नेला नाही. पण घोडदळ म्हटल्यावर विषय पेटायचा तो पेटलाच. आपल्या मुलखातही घोडदळ होतं, गोरा साहेब होता, म्हणत जवाई थेट अडगावच्या लढाईत घुसले. तेल्हारा तालुक्यातलं अडगाव, 29 नोव्हेंबर 1803. शिंदे आणि भोसल्यांच्या फौजा विरुद्ध आर्थर वेलस्ली. सुरुवातीला मराठी तोफांनी कंपनीच्या पलटणींची दाणादाण उडवली, पळणारे शिपाई वेलस्लीनं स्वतः जाऊन परत फिरवले आणि शेवटी आपण हरलो.

“अडगाव तुमचं असन, पण गाविलगड आमचा,” काकाजी म्हणाले. “15 डिसेंबर 1803.”

“म्हणजे आमी सोळा दिवस आधी हरलो,” जवाई म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी विजयी माणसाच्याही चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. पुढे वॉटर्लूला याच वेलस्लीकडून नेपोलियन हरला तो आपल्याकडच्या सरावामुळे, यावर मात्र अकोला-अमरावतीचं एकमत झालं. विदर्भात इतकी एकी क्वचित दिसते.

या गडबडीत पडद्यावर रेड इंडियनांचे तंबू आले. पुण्यात शिकणाऱ्या भाचीनं हा क्षण हेरून ठेवला होता. सिनेमा सैनिकांच्या नजरेतून आहे, शायान आणि अरापाहो म्हणून दाखवलेले लोक प्रत्यक्षात त्याच भागातले नवाहो आहेत आणि ते आपली नवाहो भाषाच बोलतात, वगैरे तिनं सांगितलं. सगळं खरं होतं. मेळघाटातल्या कोरकूंपर्यंत ती येणार, एवढ्यात दर्यापूरकडचे मामा, जे तोवर घोड्यांना वैरण कुठून येते याच काळजीत होते, म्हणाले, “पण मले सांग, त्या जमिनीचा सात-बारा कोणाच्या नावानं हाये?”

भाची थांबली. तिचा अख्खा प्रबंध मामांनी एका ओळीत बसवला होता.

“फेरफारच झाला नसन,” काकाजींनी कायदेशीर मत दिलं.

शेजारचे पीटी मास्तर हे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे जुने विद्यार्थी. ही संस्था 1914ची, 1936च्या बर्लिन ऑलिंपिकला आपली प्रात्यक्षिकं दाखवून आलेली. त्यामुळे मास्तर कुठल्याही पलटणीकडे परीक्षकाच्या नजरेनं पाहतात. नायकाला त्यांनी नापास केलं. “हा बसते, पण घोडा त्याले सहन करून राह्यला.” मग टायरी नावाचा सार्जंट टोळीपासून घोडा फेकत निसटला, तेव्हा ते खुर्चीतून उठले. “हा खरा!” मी उगाच चकित झालो. टायरीचं काम करणारा बेन जॉन्सन हा मुळातला घोडेवाला, पुढे 1953 साली रोडिओत जागतिक विजेता ठरलेला. कॅप्टनचं काम करणाऱ्या जॉन वेनबद्दल मास्तर जरा कठोर वागले असं मला वाटतं. चाळिशी नुकतीच ओलांडलेल्या त्या माणसानं साठीचा थकवा असा काही वागवलाय, की काकाजींनी त्याचं वय आपल्याहून दोन वर्षं जास्त धरलं.

आता खरं सांगायचं तर निसर्ग, छायाचित्रण, फोर्डची घोडदळावरची त्रयी हे सगळं मला पाठ होतं. पण सिनेमा कळला होता तो काकाजींना. क्विनकॅनन या दारूड्या सार्जंटचीही निवृत्ती जवळ आलेली असते. त्यानं प्याल्यावर गोंधळ घातला तर पट्ट्या जाणार, पट्ट्या गेल्या तर पेन्शन घटणार. म्हणून कॅप्टन त्याला आपला साधा सूट घालायला देऊन पद्धतशीरपणे कोठडीत जाईल अशी सोय करतो. सगळे त्यातल्या मारामारीवर हसत होते. काकाजींचे डोळे भरले होते. “असा साहेब पाह्यजे राजेहो. आमच्या कचेरीत असता, तर अर्ध्या लोकायची वेतनश्रेणी वाचली असती.”

सैनिक कॅप्टनला निरोपाचं चांदीचं घड्याळ देतात. त्यावर कोरलेलं वाचायला तो चोरून चष्मा काढतो. काकाजींनीही आपला चष्मा पुसला. त्यांच्या निरोप समारंभात शाल-श्रीफळ मिळालं होतं, आणि नारळ नासका निघाल्याचं ते आजही विसरलेले नाहीत.

शेवटी तर त्यांनी कमाल केली. कॅप्टन मध्यरात्रीपर्यंतच अधिकारी. हातातल्या घड्याळाकडे पाहत तो हुकूम देतो, टोळ्यांचे घोडे उधळले जातात, रक्त न सांडता लढाई टळते. काम उरकतं तेव्हा बारा वाजून गेलेले असतात आणि कॅप्टन साधा नागरिक झालेला असतो. भाचीनं विचारलं, मग हे बेकायदा नाही का?

“आदेशाची वेळ पाह्य बेटा,” काकाजी म्हणाले. “आदेश आधीचा. अंमलबजावणी नंतर झाली त चालते.”

मग टायरी पत्र घेऊन दौडत येतो: कॅप्टनची टेहळ्यांचा प्रमुख म्हणून नेमणूक, हुद्दा लेफ्टनंट कर्नल. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. काकाजी गंभीर. ही बढती निवृत्तीपूर्वीची धरायची की करार पद्धतीची, आणि सुधारित वेतननिश्चितीचा प्रस्ताव नागपूरला महालेखापालांकडे पाठवावा लागेल का, यावर त्यांची आणि जवाईंची चहा होईस्तोवर चर्चा चालली.

पुढच्या रविवारी याच फोर्डचा आधीच्या वर्षीचा ‘फोर्ट अपाची’ लावू, असं मी म्हणालो. कथा थोडक्यात सांगितली: एक मोठा अधिकारी दूरच्या ठाण्यावर येतो, या बदलीला शिक्षा समजतो, इथल्या जुन्या माणसांचं ऐकत नाही, आल्या दिवसापासून सगळ्यांचे गणवेश सुधारत बसतो, शेवटी पलटण बुडवतो आणि वर्तमानपत्रात शूर ठरतो.

काकाजींनी कप खाली ठेवला. “कोण्या साली आलता तो इकडं?”

“इकडं नाही काकाजी, अमेरिकेत.”

“ते समजलं. पण पुण्याहून आलता का मुंबईहून?”