जर्मन संस्थानाचा कारभारी

आमच्या आजीनं आजोबांचं नाव उभ्या जन्मात सरळ घेतलं नाही. लग्नामुंजीत फारच आग्रह झाला तर उखाण्यात गुंडाळून घेई, तेही पदर तोंडाला लावून. मी तिचाच नातू, म्हणून आमच्या गाडीच्या कंपनीचं नाव इथे घेणार नाही. एवढंच सांगतो की ती जर्मन आहे, डिझेलची आहे आणि आमच्या थोरल्या मुलीपेक्षा वयानं मोठी आहे. मार्गासनीत तिला सगळे नुसतं 'जर्मन' म्हणतात. ॲल्युमिनियमच्या पातेल्याला 'जर्मनचं पातेलं' म्हणणारी पिढी आमच्याकडे अजून शाबूत आहे. त्यातल्या एका म्हातारीनं गाडीवर हात फिरवला आणि हळहळली, "एवढा पैका घातलासा गुर्जी, मग पितळंची तरी घ्यायची!"

पुण्याहून सातारा रस्त्यानं यायचं, चेलाडीच्या फाट्याला उजवीकडे वळायचं, नसरापूर मागे टाकून वेल्ह्याची वाट धरायची की मार्गासनी येतं. इथून एक रस्ता तोरण्याखाली वेल्ह्याला जातो आणि दुसरा साखर-गुंजवण्याकडे, राजगडाच्या पायथ्याला. तालुक्याचं नाव वेल्हे होतं, आता राजगड झालं. गाडीच्या कागदांवर अजून वेल्हेच आहे, आणि ते बदलायला मला घाई नाही, कारण त्या कागदांना हात लावला की खर्चाची दुसरी एखादी बाब हमखास बाहेर पडते.

शनिवार-रविवारी गड चढायला येणाऱ्या पुणेकरांच्या गाड्यांची इथे रांग लागते. उंच, पांढऱ्या, नव्या आणि एकमेकींत ओळखू न येणाऱ्या. त्यांतली पोरं टपरीवर चहाला उतरतात आणि फोटो काढतात तो आमच्या गाडीपाशी उभं राहून. "काका, विंटेज आहे का?" असं हमखास विचारतात. मी सांगतो, नाही रे बाबा. 2021 च्या नियमाप्रमाणे विंटेज व्हायला पन्नास वर्षं भरावी लागतात. ही सध्या नुसती म्हातारी आहे. विंटेजला मान आणि वेगळी नंबरप्लेट मिळते. म्हातारीला मिळतं ते पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी, तपासणी आणि वर पर्यावरण कर. मोटारीच्या फेरनोंदणीचे 600 रुपये होते, ते 1 एप्रिल 2022 पासून 5,000 झाले. 2025 मध्ये वीस वर्षांपुढच्या गाडीला 10,000 केले. आमच्याकडे वय वाढलं की पेन्शन वाढतं अशी माझी समजूत होती. गाडीच्या बाबतीत उलटं आहे.

तरी माणसं अशा गाड्या का पोसतात? बायकोनं हा प्रश्न मला अनेकदा विचारलेला आहे, आणि तिच्या स्वरावरून तो प्रश्न नाही हे मला कळतं. पण उत्तर मात्र माझ्याकडे आहे, आणि त्यासाठी भोरला जावं लागेल.

हा सगळा मुलूख पंत सचिवांच्या भोर संस्थानातला. संस्थान 8 मार्च 1948 ला विलीन झालं. पुढे 1971 मध्ये देशभरच्या संस्थानिकांचे तनखे बंद झाले. भोरचा राजवाडा अजून उभा आहे आणि सिनेमावाले तिथे चित्रीकरणाला येतात. जुनी जर्मन गाडी हे असंच विलीन झालेलं संस्थान असतं. उत्पन्न शून्य. दरारा मात्र शिल्लक. दिवाणखान्यातली झुंबरं जागच्या जागी, आणि परसदारी कौलं गळतायत. अशा संस्थानाला राजा परवडत नाही, त्याला लागतो कारभारी. मी राजा नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे. निवृत्त शिक्षक राजा कुठून होणार? पण कारभारी व्हायला मला कुणी अडवलेलं नाही.

ही माझ्याकडे आली तेव्हा तिची किंमत एका बऱ्यापैकी नव्या मोटारसायकलीएवढी झाली होती. आपल्याकडे महागडी गाडी भाव फार लवकर टाकते. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला नवं मॉडेल हवं असतं, आणि ज्याच्याकडे नाही तो सुट्या भागांच्या किमती ऐकून फाटकातूनच परत फिरतो. या दोघांच्या मधल्या फटीत आम्ही उभे असतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या बाबतीत मसाला जहाजानं येतो आणि त्यावर सीमाशुल्क बसतं.

पुण्यातल्या एका डॉक्टर मित्राकडे जुनी मर्सिडीज आहे. त्या गाडीचं नाव घ्यायला मला हरकत नाही, ती त्याची आहे. कंपनीचं भारतातलं बस्तान बसलं 1994 मध्ये, आणि 1995 पासून टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात 'डब्ल्यू-124' या घाटाच्या ई-क्लास गाड्या बनू लागल्या. जर्मनीत तो घाट 1984 चा. म्हणजे डॉक्टर जिला जर्मन म्हणून मिरवतो ती जन्मानं पिंपरीकर आहे. हे त्याला आवडत नाही, म्हणून मी अधूनमधून आठवण करून देतो. मुळात हा ताराही आपल्याकडे नवा नव्हे. टेल्को आणि डाइमलर-बेंझ यांचा करार 1954 चा. तो 1969 पर्यंत चालला आणि तेवढी वर्षं आपल्या ट्रकांच्या नाकावर तो तीन टोकांचा तारा होता. कांदे-बटाटे आणि उसाची मोळी त्या ताऱ्यानं मोटारीच्या कितीतरी आधी वाहिलेली आहे.

डॉक्टरच्या त्या गाडीला पुढच्या काचेवर एकच वायपर आहे. एकच, पण तो फिरताना आत-बाहेर सरकतो, कोपऱ्यांशी लांब होतो आणि मध्ये आखडतो. त्यामुळे काचेचा सुमारे 86 टक्के भाग पुसला जातो. दोन वायपर लावून हा प्रश्न कुणीही सोडवला असता. जर्मन माणसानं एकाच वायपरला दांडपट्टा शिकवला. पहिला पाऊस पडला की पुण्यात लोक कांदाभजी तळतात. डॉक्टर तेव्हा गाडीत जाऊन बसतो, कुठेही न जाता वायपर चालू करतो आणि बघत राहतो. त्याच्या बायकोनं एकदा मला फोन करून विचारलं, "भाऊजी, तुमच्याकडेही असंच आहे का?" मी म्हटलं, वहिनी, आमच्याकडे पाऊस चार महिने असतो.

आमच्या गाडीचं कौतुक वेगळं. तिची कुलपं, डिझेलची झाकणी आणि इंजिन बंद करण्याची सोय, हे सगळं हवा ओढून घेणाऱ्या बारीक रबरी नळ्यांवर चालतं. विजेचा संबंध नाही. नळीतून हवा ओढली की पडदा हलतो, पडदा हलला की कडी पडते. रबर ताजं होतं तेव्हा हे काम मुकाट्यानं होत असणार. पण तीस-एक वर्षांत रबराचं काय होतं हे घरी प्रेशर कुकर असलेल्या कुणालाही सांगायला नको.

विंझरला एका साखरपुड्याला गेलो होतो. मांडवासमोर गाडी लावली, चावी काढली, खिशात टाकली आणि उतरलो. गाडी चालूच. मी मुलीच्या वडिलांना नमस्कार केला, गाडी चालू. एक पोरगा धावत आला, "गुर्जी, चावी ऱ्हायली आत!" मी खिशातून चावी काढून दाखवली. पोरगा एकदा चावीकडे, एकदा गाडीकडे बघत राहिला. मांडवाच्या आतून एक म्हातारबुवा ओरडले, "आरं, त्ये पान्याचं इंजान बंद करा की कुनीतरी, भटजीचं मंत्र आयकू यीनात!" अखेर बॉनेट उघडून इंजिनावरची 'स्टॉप' असं लिहिलेली एक पट्टी दाबली तेव्हा संस्थान शांत झालं. ती पट्टी कारखान्यातूनच बसवून आलेली असते. अशी वेळ येणार हे त्या लोकांनी आधीच धरलं होतं. सगळं नीट चालेल याची खात्री असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. बिघडल्यावर काय करायचं ते आधीच लिहून ठेवणारी फार थोडी.

कारण शोधायला नसरापूरकडच्या आमच्या मिस्त्रींना गाठलं. हे मिस्त्री ट्रकांवर वाढलेले. डिझेल पंपाला ते अजून 'मायको'च म्हणतात. बॉशनं 1951 मध्ये बंगळुरात काढलेल्या कंपनीचं ते नाव. 2008 मध्ये त्या कंपनीनं बॉश हेच नाव घेतलं, पण मिस्त्रींपर्यंत ती बातमी आलेली नाही. त्यांचं एकच तत्त्वज्ञान आहे, "डिझेलला तेल, हवा नि दाब द्या गुर्जी. ठिणगी मागत न्हाई ते. मरनार बी न्हाई." त्यांनी एकेक नळी काढून तोंडात धरली आणि ओढून पाहिली. हवा कुठून गळते हे त्यांनी जिभेनं ठरवलं. मागच्या डाव्या दाराच्या कडीतला रबरी पडदा फाटला होता. म्हणून पुढचं इंजिन बंद होईना! मला भोरच्या दरबाराची आठवण झाली. तिथेही कुठल्या खोलीतला रुसवा कुठल्या कचेरीत निघत असेल कोण जाणे.

एका चकचकीत वर्कशॉपनं फोनवर सांगितलं होतं की अख्खं कुलूप बदलावं लागेल आणि ते जर्मनीहून मागवावं लागेल. नाना पेठेत तो पडदा मिळाला नाही, जुन्या बाजारात नाही. शेवटी कुर्ल्याच्या भंगारातल्या एका मोडलेल्या गाडीच्या दारातून मिळाला, जेवणाच्या एका थाळीच्या किमतीत. मिस्त्रींनी तो बसवला. चावी फिरवली आणि इंजिन तिथल्या तिथे बंद झालं. इंजिन बंद पडल्यावर आनंदानं एकमेकांना टाळी देणारी दोन माणसं नसरापूरनं त्या दिवशी पाहिली.

आमच्या प्रेमाचं मूळ इथे आहे. पुतण्याच्या नव्या गाडीत पिवळा दिवा लागतो आणि पडद्यावर मजकूर येतो की सेवाकेंद्राशी संपर्क साधा. काय झालंय ते सांगत नाहीत. तिथे तो ग्राहक आहे, ग्राहकानं विचारायचं नसतं. आमची गाडी काही लपवत नाही. कुठे दुखतंय ते आवाजानं, वासानं, खालच्या डागावरून सांगते. शोधलं की सापडतं, आणि सापडलं की हाताच्या बोटांनी दुरुस्त होतं. घराच्या जमिनीचा गट नंबर मला तलाठ्याला विचारावा लागतो, पण त्या रबरी पडद्याचा लांबलचक नंबर झोपेतून उठवलंत तरी सांगेन.

दुसरं म्हणजे, ही गाडी बनवणाऱ्यांनी जिथे कुणी बघणार नाही तिथेही हात आखडला नव्हता. जुन्या जर्मन गाड्यांच्या सीटमध्ये स्प्रिंगा असत आणि वर घोड्याच्या केसांचा थर. राजगडाच्या मुलखात घोड्यावरून फिरण्याची माझी हौस या मार्गानं फिटली. दार लावलं की तिजोरी मिटल्यासारखा आवाज येतो. शाळा सुटली की वाडीतली पोरं येतात आणि रांग लावून दार उघडतात-लावतात. मी त्यांना प्रत्येकी एकदाच परवानगी देतो. एक पोरगी मात्र भावाच्या नावावरही एकदा लावून घेते.

मागच्या काचेखाली प्रथमोपचाराचा कप्पा आहे, कारण जर्मनीत गाडीत ती पेटी ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. आमच्या कप्प्यात फ्यूज, चिकटपट्टी, तार आणि दोन-चार नळ्यांचे तुकडे असतात. उपचार कोणावर करायची वेळ येते ते बघूनच सामान भरलेलं आहे.

बायकोचा विरोध तत्त्वाचा आहे. "अहो, स्वयंपाकघराचं दार दोन पावसाळे कुरकुरतंय, त्याला थेंबभर तेल घालवत नाही तुमच्यानं." किंवा, "यंदाचं इंद्रायणी गेलं वाटतं पंपात?" भाताची पोती आणि गाडीचे पंप यांचा हिशेब तिच्या डोक्यात समोरासमोर मांडलेला असतो. पण पुण्याला जायचं म्हटलं की ती मागच्या सीटवर ऐसपैस बसते आणि नसरापूर यायच्या आत तिला झोप लागते. पुतण्याच्या नव्या गाडीत तिला मळमळतं. हे ती कबूल करत नाही, आणि मीही काढत नाही.

आम्ही मालक मंडळी फाट्यावर भेटलो की तब्येतीची चौकशी करतो, पण माणसांच्या नव्हे. "घाटात काटा कुठवर जातो?" "ऑइल किती खाते?" अशा वेळी ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याचं नाव हटकून निघतं. त्यानं 1976 ची मर्सिडीज 240 डी घेतली आणि तिच्यावर 46 लाख किलोमीटर टॅक्सी हाकली. 2004 मध्ये ती कंपनीच्या संग्रहालयात गेली. चंद्र इथून सुमारे 3 लाख 84 हजार किलोमीटर. म्हणजे तो माणूस हिशेबानं सहा वेळा चंद्रावर जाऊन परत आला, तेही भाडं घेऊन! ही गोष्ट आम्ही एकमेकांना दरवेळी नव्यानं सांगतो आणि दरवेळी नव्यानं ऐकतो.

तुम्हालाही अशी गाडी घ्यावीशी वाटली, तर सकाळी लवकर जा आणि इंजिन गार असताना बघा. रंग बघू नका, जुन्या बिलांची पिशवी मागा. पिशवी जाड असेल तर घ्या, नसेल तर नमस्कार करून निघा. घेण्याच्या किमतीएवढेच पैसे बाजूला ठेवा, आणि मिस्त्री आधी शोधा, गाडी मग. आमची विकायची नाही, विचारू नका. मात्र कुर्ल्याला किंवा कुठल्याही भंगारात मागच्या डाव्या दिव्याची अख्खी काच दिसली, तर आधी पैसे देऊन ठेवा आणि मग मला कळवा. मार्गासनीत 'जर्मनवाले गुरुजी' म्हणून विचारलंत तरी पुरे.