खारूताईला थंडी वाजते म्हणे!

ऐकलंत का? जुळे सोलापुरात आता खारींना घरं मिळायला लागलीत. म्हाडाची लॉटरी नाही, बँकेचे हेलपाटे नाहीत, जामीनदार नाही. गॅलरीच्या ग्रिलला तारेनं बांधलेला लाकडी खोका, पुढे गोल दार, आत मखमली गादी. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तर वर पत्रा मारून छप्पर उतरतं करून घेतलंय, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून. पाऊस! सोलापुरात! डिसेंबरात!

हे लोण आलं कुठून, तर टोरांटोहून. कुणाची तरी लेक तिकडे अपार्टमेंटमध्ये राहते. तिनं व्हिडिओ कॉलवर बाहेरचा बर्फ दाखवला, बर्फात ठेवलेला खोका दाखवला आणि खोक्यातून डोकावणारी गलेलठ्ठ करडी खार दाखवली. तिथं ते शोभतं. तिकडची करडी खार हिवाळाभर झोपून राहत नाही, झाडाच्या ढोलीत नाहीतर पानांच्या घरट्यात दडून दिवस काढते, आणि बाहेर पारा शून्याच्या कितीतरी खाली. एखाद्या भल्या माणसानं आडोसा दिला तर पुण्य लागेल. पण इकडे आईचा जीव कासावीस झाला ना! “आपल्या खारूताईचं कसं होत असेल गं?” दुसऱ्या दिवशी सुताराला फोन.

आता सोलापूरची थंडी म्हणजे काय ते आपल्या आपल्यात बोलू. जानेवारीत पहाटेचा पारा सरासरी पंधरा-सोळा अंशांवर असतो. एखाद्या वर्षी दहाच्या आसपास उतरला की तिची बातमी होते. तेवढ्यावर आपण काय अवतार करतो! सकाळी कंबर तलावावर फिरायला येणारी मंडळी पाहा: कानटोपी, मफलर, त्यावर स्वेटर, आणि खाली बर्म्युडा. हीच माणसं खारीच्या थंडीचा निवाडा करायला बसली तर तिच्या नशिबी मखमल येणारच. एका वहिनींनी गड्ड्याच्या यात्रेतून बाहुलीचा लोकरी स्वेटर आणला आणि खोक्याच्या दाराला पडदा म्हणून लावला. का, तर वारा लागतो. खार तिकडे फिरकली नाही. पडदा पाहून तिला वाटलं असेल, आत ब्युटी पार्लर आहे.

सोसायटीच्या मीटिंगला हा विषय निघणार हे उघडच होतं. सेक्रेटरी म्हणाले, इमारतीच्या दर्शनी भागावर परवानगीशिवाय काही लावता येत नाही. त्यावर एकानं शंका काढली की खोक्यात खार राहायला आली तर ती पोटभाडेकरू धरायची का, आणि धरली तर नॉन-ऑक्युपन्सी चार्ज कुणी भरायचा. “काय बे, खारीकडनं पैशे घेतो काय?” असं मागून कुणीतरी ओरडलं आणि ठराव बारगळला. मग गाडी पट्ट्यांवर घसरली. आजोबांचं म्हणणं, खारीच्या पाठीवर तीनच पट्टे, सेतू बांधताना रामानं तीन बोटं फिरवली. नातवानं मोबाईलवर फोटो मोठा करून दाखवला. पाच! आजोबा आठवडाभर नातवाशी बोलले नाहीत. दोघांचंही बरोबर आहे हो. तीन पट्ट्यांची दक्षिणेकडची आणि पाच पट्ट्यांची उत्तरेकडची, अशा खारींच्या दोन जाती आहेत, आणि महाराष्ट्रात दोन्ही सापडतात. पूर्व भागातून आलेल्या अक्का खारीला तेलुगूत ‘उडुता’ म्हणतात, अक्कलकोटकडचे अण्णा कन्नडमध्ये ‘अळिलु’ म्हणतात. खार तिघांच्याही हाकेला सारखीच दाद देते, म्हणजे देत नाही.

आणि ही पाच पट्ट्यांची बाई थंडीला किती भिते, तेही ऐका. तिचं बिऱ्हाड पंजाबात आहे, दिल्लीत आहे, हिमालयाच्या पायथ्याला आहे. दिल्लीच्या धुक्यात माणसं शेकोटीभोवती कुडकुडत असतात तेव्हा ही बागेत शेंगदाणे फोडत असते. एवढ्यावर भागलं नाही म्हणून परदेशवारीही झाली. ऑस्ट्रेलियात पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून १८९८ मध्ये या खारी बाहेर सोडल्या गेल्या. पर्थचा हिवाळा सोलापूरपेक्षा गार, रात्री पारा आठ अंशांच्या घरात. तरी त्या टिकल्या, वाढल्या, आणि सव्वाशे वर्षांनी आजही तिथं नांदतायत. त्यांना मखमल कुणी घातली होती?

पण आपल्याकडे एकदा फॅशन आली की आली. आधी चिमण्यांचं झालं. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांसाठी मनापासून काम उभं केलं, २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन पाळला जाऊ लागला, आणि घरोघर लाकडी घरटी टांगली गेली. त्याला अर्थ होता. चिमणीला घरटं करायला भिंतीत भोक लागतं, आणि आपल्या काँक्रीटनं ती भोकं बुजवली. खारीचं तसं नाही. तिला भोक सापडलं नाही तर ती आपल्या घरातच जागा काढते. राज्यप्राण्याचा मान शेकरूला आहे, त्याच्यासाठी भीमाशंकरला अभयारण्य आहे, आणि तोसुद्धा झाडावर आपली घरटी स्वतः बांधतो, एक सोडून अनेक. मग त्याच्या या धाकट्या चुलतबहिणीलाच आयता फ्लॅट कशाला?

तर खोक्याचं पुढे काय झालं ते सांगते. आत खारीसाठी शेंगदाणे ठेवले होते, खारे. म्हणून मुंग्या आल्या. मुंग्या आल्या म्हणून पाल आली. पाल आली म्हणून काकू गॅलरीत जाईनाशा झाल्या. आणि ताईसाहेबांनी संसार थाटला कुठं? समोरच्या फ्लॅटच्या एसीच्या बाहेरच्या मशीनमागे!

सामान कुठून नेलं तेही मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. दोरीवर आपला सोलापुरी टेरी टॉवेल वाळत होता, चांगला जुना, धुऊन धुऊन मऊ पडलेला. ही आली, कडेला डोकं खाली करून लोंबकळली, आणि पुढच्या दातांनी एकेक टाका उपसायला लागली. निघालेलं सूत दोन्ही हातांनी ओढायची, तोंडाशी गोल गोल दाबून त्याचा बोळा करायची, गाल फुगवून पाईपवरून पसार. पाच मिनिटांत परत हजर. शेजारीच नवा कोरा टॉवेल होता, त्याला तिनं तोंडही लावलं नाही. नव्या कपड्याची खळ तिला आवडत नसावी. मग मोर्चा चादरीच्या दशांकडे. अख्ख्या हिंदुस्थानाला पांघरूण पुरवणाऱ्या गावातली खार आहे ती! भौगोलिक मानांकन मिळालेल्या सुतात जिची पिल्लं झोपतात, तिला आपण बाजारातलं पॉलिस्टरचं मखमल देणार. लाज वाटायला हवी ती आपल्याला.

माझं स्पष्ट मत सांगू? थंडी खारीला वाजत नाही, आपल्याला वाजते, आणि काहीतरी केल्याचा फोटो स्टेटसला टाकला की ऊब येते. एरवी हेच लोक एप्रिलात ‘पानं फार पडतात’ म्हणून कंपाउंडमधला कडुनिंब छाटायला माणूस बोलावतात.

हौस भागवायचीच असेल तर सोलापूरचा खरा कहर मेमध्ये असतो, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा. तेव्हा सावलीत उथळ परळात पाणी ठेवा आणि रोज बदला. खायला घातलंच तर बिनमिठाचे कच्चे शेंगदाणे, तेही चार-दोन. शेंगा चटणी आणि चहात बुडवलेलं बिस्किट आपल्यासाठी ठेवा. एसीची सर्व्हिसिंग करायची झाली तर मेकॅनिकला आधी मागे डोकवायला सांगा. एका वेळी दोन-तीन पिल्लं असतात, डोळे मिटलेली, अंगावर केस नसलेली. ती हिंडूफिरू लागेपर्यंत दोनेक महिने काम थांबवलं तर बिघडत नाही. पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर गाईचं दूध पाजत बसू नका. आई न्यायला येते का ते लांबून पाहा, नाहीच आली तर वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन लावा. आणि ‘इतकं गोड आहे, पाळूया की’ असं घरातल्या कुणी म्हटलं, तर रानातली खार पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही, हे त्यांना शांतपणे सांगा.

टॉवेल मात्र दोरीवरच राहू द्या. जुना असेल तर उत्तम.