थोरली पाती, धाकटी पाती आणि मॅनिफोल्ड

धारचे मामा देवासला येतात तेव्हा अँबॅसेडरचा आवाज त्यांच्याआधी पोचतो. या खेपेला चट-चट होती; इंजिन गार असताना जोरात, तापल्यावर जरा कमी. मामा म्हणाले, टॅपेट. आमच्या उस्तादांनी नुसतं वाकून पाहिलं. ‘‘बाबूजी, टॅपेट नहीं, मॅनिफोल्ड चटक गया.’’ मामांनी लगेच वारसा सांगितला, ‘‘आमच्या लाट मशिदीपाशी अख्ख्या लोहस्तंभाचे तीन तुकडे पडलेत, तिथे याची काय कथा!’’

गंजलेल्या नटांना रात्रभर तेल पाजलं आणि सकाळी धुराचा जुना मॅनिफोल्ड उतरवला. इंजिन बीएमसीच्या घराण्यातलं, 1489 सीसीचं. सिलिंडर चार, पण धुराला बाहेर पडायची दारं तीनच. मधल्या दोघांत एक सामायिक. हवा आत यायला तर दोनच. चौघे भाऊ एवढ्याच दारांत विनातक्रार नांदतात. देवासला हे जमलं नाही. पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीने एकाच गावात दोन गाद्या, दोन राजवाडे, दोन कारभार पार 1948 पर्यंत ओढले. टेकडीवर माताही दोन, बडी आणि छोटी.

‘‘आमच्याकडे एकच गादी,’’ मामा म्हणाले.

खरी कसोटी नवा बसवताना. हवेचा मॅनिफोल्ड आणि धुराचा, दोघे शेजारी. मधल्या स्टडवर एकच जाड वायसर दोघांचे कान दाबून धरतो. एकाचा कान जरा जाड निघाला की तो गच्च बसतो, दुसरा खुळखुळतो आणि नवं पॅकिंग फुंकलं जातं. इंग्रजांना हे पक्कं ठाऊक असावं. थोरल्या पातीला 15 तोफांची सलामी, धाकटीलाही 15च. वायसर अगदी सपाट! धारलाही 15च होत्या, पण मामांच्या हातात तेव्हा पाना होता, म्हणून तो विषय मी काढला नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर नट पितळी घ्या, पुढच्या खेपेला सुटतात. आवळायला मधून सुरुवात करा आणि आळीपाळीने दोन्ही टोकांकडे जा. इंजिन तापवून, गार होऊ देऊन पुन्हा एकदा पाना फिरवा. आणि बॅटरी धरायला मामांना मुळीच बोलावू नका. त्यांना जे बघायचं असतं, उजेड तिथेच पडतो.