जोर कमी, बैठका जास्त

ज्याला वेळ नाही तो व्यायाम करत नाही, यात कोडे काही नाही. कोडे आहे ते ज्याच्याकडे वेळच वेळ आहे त्याचे. नुकतेच निवृत्त झालेले, मुले मार्गी लागलेली, गुडघे अजून शाबूत, साखर काठावर, आणि सकाळी पेपर वाचून झाला की कुणी कुठे बोलावत नाही, असे गृहस्थ घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार मध्यम श्रमाचा व्यायाम आठवड्याला किमान १५० मिनिटे हवा. आठवड्यात मिनिटे असतात १०,०८०. म्हणजे मागणी जेमतेम दीड टक्क्याची. एवढी तर घरपट्टीवरची सवलतही कुणी मोजत नाही. तरी ती पुरी होत नाही, कारण उरलेले साडेअठ्ठ्याण्णव टक्के कोणता व्यायाम करावा हे ठरवण्यात जातात. पोहणे की चालणे? चालणे असेल तर पुण्यातली सारसबाग की तळजाई टेकडी? प्राणायाम चहाआधी की नंतर? बूट आधी की निर्धार आधी? यावर चर्चा होते, दुकाने पालथी घातली जातात, आणि सहा महिन्यांनी बूट मात्र नक्की येतात.

सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये मांडले की काम उपलब्ध वेळेइतके फुगते. त्यांचे उदाहरण एका रिकामटेकड्या वृद्धेचे होते, जिचा सबंध दिवस भाचीला एक पोस्टकार्ड लिहिण्यात जातो. निदान ते कार्ड पेटीत तरी पडते. आपल्या गृहस्थांच्या बाबतीत फुगतो तो व्यायाम नव्हे, व्यायामाची तयारी. दहा हजार पावलांचेच पहा. हा आकडा कोणत्या ऋषीने किंवा वैद्याने सांगितलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्रामुळे तो रूढ झाला. वयस्क स्त्रियांवरच्या २०१९ च्या एका अमेरिकी अभ्यासात साडेसात हजारांच्या आसपास फायदा वाढायचा थांबलेला दिसला, आणि जेमतेम साडेचार हजार चालणाऱ्याही अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा बऱ्या निघाल्या. हे वाचून माणसाने साडेचार हजार पावले चालून यावे. तसे होत नाही. खरा आकडा कोणता, यावर एक नवी बैठक बसते. ती अर्थातच खुर्चीतली.

आता पुरावा उलट बाजूने तपासू. महाराष्ट्रात पूर्णवेळ व्यायाम कुणी केला असेल तर तालमीतल्या पैलवानाने. त्याला दिवसभर दुसरे काम नसे. पण जोर किती मारायचे, हौद्यातली माती कधी उकरायची, खुराक काय घ्यायचा, यातले काहीही तो स्वतः ठरवत नसे. ते वस्ताद ठरवत. कोल्हापूरच्या तालमींना शाहू महाराजांचा राजाश्रय मिळाला, त्यातून कुस्ती फोफावली. पैलवानांना पर्याय निवडण्याची मुभा दिली म्हणून नव्हे. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी तर संस्थानिक, म्हणजे सवडीला तोटा नाही आणि व्यायामाचा हुकूम सोडणारा वरिष्ठही नाही. त्यांनी सूर्यनमस्कार हा एकच प्रकार धरला, तो सोडला नाही, आणि संस्थानातल्या शाळांनाही घालायला लावला. मुलांना आवडतो का, असे त्यांनी विचारले असते तर औंधात आजवर सर्वेक्षणच चालू असते.

यावर समंजस वाचक म्हणेल की आवडीचा व्यायामच टिकतो. आक्षेप वजनदार आहे, पण त्याने क्रम उलटा धरला आहे. १९९५ मध्ये मुंबईतल्या एका बागेत डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांना घेऊन हास्य क्लब सुरू केला. सुरुवातीला ते विनोद सांगून हसत. चांगले विनोद लवकरच संपले, मग ते विनोदाशिवाय हसू लागले, आणि क्लब देशोदेशी पसरले. भल्या पहाटे विनाकारण हसण्याची उपजत आवड कुणालाच नसते. आपण न गेल्यास चौघे विचारतील, या धाकाने ती लागते. दुसरा आक्षेप इजेचा: चुकीचा व्यायाम केला तर कंबर धरेल. बरोबर, म्हणून पासष्टीपुढे तोल आणि ताकद सांभाळणारे प्रकार आठवड्यातून तीन दिवस तरी करावेत असे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते, आणि आपल्याला झेपेल ते डॉक्टर एका भेटीत सांगतात. त्याला अर्धा दिवस लागतो. डॉक्टरांचे म्हणणे साडूंनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या चित्रफितीशी जुळवायला जे तीन महिने लागतात, त्यांना वैद्यकीय कारण म्हणता येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत मानी: पस्तीस वर्षे साहेबाच्या घड्याळावर काढली, आता पुन्हा कुणाचा हुकूम कशाला? पण हेच स्वाभिमानी निवृत्त नोव्हेंबर उजाडला की हयातीचा दाखला विनातक्रार देतात. कोणत्या प्रकारे हयात राहावे, यावर तेव्हा चर्चा होत नाही, कारण दाखला चुकला तर पेन्शन थांबते. आता तर तो घरबसल्या मोबाइलला चेहरा दाखवूनही देता येतो, म्हणजे वर्षातून एकदा बँकेपर्यंत होणारे चालणेही गेले. सरकारने ही सोय काढून घ्यावी आणि दाखला दर वर्षीऐवजी दर सोमवारी मागावा, तोही बँकेच्या काउंटरसमोर दहा उठाबशा काढून. गुडघ्याची तक्रार असलेल्यांना हात वर करून एका पायावर उभे राहण्याची मुभा द्यावी. व्यायामप्रकार रोखपालाने ठरवावा. त्याच्या निवडीविरुद्ध अपील नसावे, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर येणाऱ्याला उठाबशा दुप्पट.